विलार द ऑनेकूर याचें चित्रबाड

पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथसंग्रहांत फ्रेंच हस्तलिखितांच्या वर्गांत क्रमांक १९०९३ चें एक लहानसें बाड आहे. पानें ३३, तीं चर्मपत्राचीं. लांबी सुमारें २४ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर. चर्मपत्र मध्यम प्रतीचें, कोठें जाड तर कोठें पातळ. वरून चामड्याचें वेष्टण. राजेलोकांसाठीं लिहविलेल्या सोनेरी पोथ्यांच्या शेजारीं हें बाड ठेवलें तर कोणी त्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाहीं. तथापि युरोपांतील गॉथिक देवालयांच्या इतिहासास त्या सोनेरी पोथ्यांहून हें मळकट बाड अधिक उपयोगी पडलें आहे. त्यावर जें लिहिलें गेलें त्यांत खरें किती व कल्पित किती याचा निवाडा आपल्या संग्राहकांस बोधप्रद वाटेल, म्हणून तें येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गॉथिक या शब्दाविषयीं दोन शब्द. हें नांव त्या बांधणाऱ्यांचें नव्हे. गॉथ लोकांचा या शिल्पाशीं कांहीं संबंध नाहीं. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटालियन पंडितांनीं जुन्या रीतीस रानटी ठरविण्यासाठीं ही निंदा योजिली आणि तीच पुढें नांव होऊन बसली. टोकदार कमान, दगडी फासळ्यांवर तोललेलें छत, आणि त्या छताचा बाहेर लोटणारा भार भिंतीबाहेर उभ्या केलेल्या धिऱ्यांवर अर्धकमानींच्या द्वारां नेऊन सोडण्याची युक्ति, अशीं या रीतीचीं तीन अंगें. भार धिऱ्यांनीं घेतल्यामुळें भिंतीस भिंतपण उरलें नाहीं. तिच्या जागीं रंगीत कांचेच्या प्रचंड खिडक्या आल्या. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस या रीतीच्या बाह्य रूपाची ओळख आहेच. तो मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. त्याचे नकाशे काढणारे गिल्बर्ट स्कॉट यांनीं मुंबई कधीं पाहिली नव्हती. कागदावरून इमारत दूरदेशीं कशी जाते याचें हें ठळक उदाहरण होय. तेराव्या शतकांत ही गोष्ट कशी घडत असे, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

या रीतीचा आरंभ पॅरिसजवळील सँ-द्नी येथील मठाच्या गर्भागारापासून धरण्याची वहिवाट आहे. तें काम सुजे नांवाच्या मठाधिपतीनें ११४० ते ११४४ या काळांत करविलें, आणि त्याचें वर्णनही त्यानें स्वतः लॅटिनमध्यें लिहून ठेविलें. रत्नें किती जडविलीं, कांचेंत कोणत्या कथा रंगविल्या, तुळयांसाठीं लांकूड शोधावयास आपण स्वतः रानांत कसे गेलों, हें सर्व तो सांगतो. परंतु ज्यानें तें गर्भागार उभारलें त्या स्थपतीचें नांव मात्र तो कोठेंही लिहीत नाहीं. आपल्याकडील शिलालेखांत दात्याची सात पिढ्यांची वंशावळ येते व सूत्रधाराचें नांव शेवटच्या ओळींत, आलें तर येतें. तोच हा प्रकार. करविणारा बोलतो, करणारा मुका राहतो. विलारच्या बाडाचें मोल येथें आहे. तेराव्या शतकांतील बांधकामाच्या जगांतून, राजा किंवा मठाधिपति नसलेल्या एका माणसाचा आवाज त्यांत ऐकूं येतो.

हा विलार कोण? ऑनेकूर हें उत्तर फ्रान्सांत कांब्रे शहराच्या जवळ, एस्को नदीवर वसलेलें गांव. बाडाच्या आरंभीं तो आपलें नांव सांगतो, वाचणाऱ्यास नमस्कार करितो, या बाडांतील युक्त्या जे वापरतील त्यांनीं आपल्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी अशी विनंती करितो, आणि यांत दगडकामाविषयीं, लांकडी यंत्रांविषयीं व भूमितीच्या आधारें चित्रें काढण्याविषयीं चांगली मदत मिळेल असें आश्वासन देतो. भाषा लॅटिन नव्हे, पिकार्डी प्रांताची बोली. या बाडाबाहेर त्याचा उल्लेख एकाही दानपत्रांत, हिशेबांत किंवा शिलालेखांत आढळलेला नाहीं. काळ ठरवावयाचा तो त्यानें काढलेल्या इमारतींवरूनच. त्यावरून इसवी १२२० ते १२४० च्या सुमाराचा, म्हणजे शके ११४२ ते ११६२ चा काळ येतो. देवगिरीस त्या वेळीं सिंघण राज्य करीत होता.

आंत सुमारें अडीचशें चित्रें आहेत आणि त्यांस क्रम असा नाहीं. एका पानावर येशूच्या क्रूसाचें चित्र, दुसऱ्यावर कुस्ती खेळणारे दोघे पुरुष, पुढें टोळ व मांजर, पुढें देवालयाचा नकाशा, पुढें पाण्यावर चालणारी करवत. या करवतींत पाण्याचें चाक पातें खालींवर ओढतें व त्याच वेळीं लांकूडही आपोआप पुढें सरकवितें. अशा यंत्राचें युरोपांतील हें सर्वांत जुनें ज्ञात चित्र होय. शेवटच्या पानांवर औषधें आहेत: केंस काढण्यासाठीं कळीचा चुना व हरताळ यांचा लेप, आणि जखमेवर द्यावयाचा वनस्पतींचा काढा, ज्यांत भांगेचें झाडही येतें. आपल्या घराण्यांतील बाडें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. अभंगांच्या पाठीवर खोकल्याचें औषध व त्याखालीं सावकाराचा हिशेब, हें आपणही नित्य पाहतों. असल्या मजकुरास भरताड समजून आमच्या कित्येक सूचिकारांनीं वगळलें आहे. तें चुकीचें आहे असें आमचें मत आहे, कारण बाड कोणाच्या हातांत वावरलें हें मुख्य मजकुरापेक्षां अशा टिपणांवरूनच अधिक कळतें.

आतां पानांच्या संख्येकडे वळूं. आज पानें ३३ आहेत. परंतु पंधराव्या शतकांत हें बाड ज्याच्याकडे होतें त्या मांसेल नांवाच्या माणसानें शेवटीं टीप लिहून ठेविली आहे कीं, या पुस्तकांत ४१ पानें आहेत. म्हणजे त्यानंतर निदान ८ पानें गेलीं. मांसेलनें हीं एक ओळ लिहिली नसती तर आज जें आहे तेवढेंच बाड होतें असें मानून त्यावर सिद्धांत रचले गेले असते. मधल्या काळांत तें फेलिब्यँ घराण्यांत होतें, तेथून सँ-झेर्मँ-दे-प्रे येथील मठांत गेलें व राज्यक्रांतीनंतर राष्ट्रीय संग्रहांत आलें.

येथें स्वतःचा एक दोष सांगणें आम्हांस प्राप्त आहे. पस्तीस वर्षांपूर्वीं वास्तुशांतीच्या प्रयोगाचें एक बाड आमच्या हातीं आलें. कडा फाटक्या होत्या म्हणून तें आम्हीं एका बांधणीवाल्याकडे दिलें. त्यानें नव्या पुठ्ठ्यांत तें नीटस बसविलें, आणि बसविण्यासाठीं चारही कडा छाटून टाकिल्या. त्या कडांवर मागील धन्यांचीं टिपणें होतीं, हें आम्हीं त्यास सांगितलें नव्हतें, व आम्हांसही त्यांचें महत्त्व त्या वेळीं उमगलें नव्हतें. दुकानाच्या जमिनीवरून अकरा पट्ट्या वेंचून आणिल्या. त्या आजही एका पाकिटांत आहेत, पण कोणती पट्टी कोणत्या पानाची हें लागत नाहीं. मांसेलची ओळ वाचतांना त्या पाकिटाची आठवण होते, म्हणून हें विषयांतर. असो.

विलार आधुनिक जगास नीट परिचित झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८४९ मध्यें किशेरा या पंडितानें त्यावर लेख लिहिला. पुढें लास्यू या वास्तुकारानें, जो पॅरिसच्या नोत्र-दाम देवालयाच्या जीर्णोद्धारांत होता, सर्व पानांची प्रतिकृति सिद्ध केली. तो १८५७ सालीं वारला व ग्रंथ १८५८ मध्यें बाहेर पडला. १८५९ मध्यें विलिस यांनीं त्याची इंग्रजी आवृत्ति काढिली. हा काळ गॉथिक रीतीच्या पुनरुज्जीवनाचा. त्या लोकांस मध्ययुगांतला एक महान वास्तुकार हवा होता, आणि तो विलारच्या रूपानें सांपडला. मग कांब्रेचें देवालय त्याचें, सँ-कांतँचें त्याचें, हंगेरींतलें अमुक त्याचें, अशी त्याच्या नांवावर इमारतींची रास पडली. आधार काय, तर त्यानें त्या गांवाजवळ जन्म घेतला, किंवा आपण हंगेरीस गेलों होतों असें तो लिहितो, इतकाच. १९३५ मध्यें हान्लोसर यांनीं अक्षराचा बारकाईनें तपास करून बाडांत एकाहून अधिक हात आहेत हें दाखविलें, आणि २००९ मध्यें बार्न्स यांनीं नवी चिकित्सक आवृत्ति काढून, विलार हा वास्तुकार होता यासच पुरावा नाहीं असें प्रतिपादन केलें.

चित्रें इमारतींशीं ताडून पाहिलीं म्हणजे शंकेस जागा आहे हें पटतें. रीम्स येथील देवालयाचें काम १२११ मध्यें सुरू झालें. तेथील खिडकींत एक नवी युक्ति आहे: पूर्वीं दगडी पडद्यांत भोकें पाडून कांच बसवीत, येथें प्रथमच बारीक दगडी दांड्यांची जाळी उभारून सबंध पोकळींत कांच बसविली. विलारनें ही खिडकी काढली आहे व तो लिहितो कीं, मला हंगेरीस पाठविण्यांत आलें त्या वेळीं ही मीं काढली, कारण हीच मला सर्वांत आवडली. त्यानें तेथील आंतल्या व बाहेरच्या भिंतींचे उभे देखावे, धिरे, आणि स्तंभांचे छेदही दिले आहेत. परंतु प्रत्यक्ष इमारतींत व या चित्रांत कित्येक ठिकाणीं फरक आहे. लोझानच्या गोल खिडकीचें चित्र तर इतकें वेगळें आहे कीं, पायऱ्यांवर उभें राहून तें काढलें असेल असें वाटत नाहीं. लाँच्या मनोऱ्याविषयीं तो मोठ्या प्रेमानें सांगतो कीं, मी पुष्कळ देश हिंडलों, पण असा मनोरा कोठें पाहिला नाहीं. मनोऱ्याच्या कोपऱ्यांतून डोकावणारे दगडी बैल त्यानें काढले आहेत, आणि ते बैल आजही तेथें आहेत.

सिंहाचें चित्र यांत सर्वांत प्रसिद्ध. शेजारीं तो निक्षून लिहितो कीं, हा जिवंत सिंहावरून काढला आहे. चित्र मात्र वर्तुळाकार तोंडाचें, माणसासारख्या नजरेचें, आयाळ कुरळ्या वळ्यांची. लोक यास खोटेपणा म्हणतात. आमच्या मतें तसें नव्हे. त्यानें सिंह पाहिला असेल. पण हात मात्र शिकलेल्या आकृतीप्रमाणेंच चालला. माणसांच्या व पशूंच्या आकृतींवर त्रिकोण व पंचकोनी तारे आंखलेलीं चित्रेंही या बाडांत आहेत. कांहीं जणांनीं त्यांत प्रमाणशास्त्र पाहिलें. ज्यांस आपल्या तालमानाची ओळख आहे त्यांस हें पटणार नाहीं. नवतालांत मुख हें एक माप मानून सर्व अंगें त्या मापाच्या पटींत सांगितलीं जातात. येथें अशी पट कोठेंच नाहीं. त्रिकोण हा फक्त हात लवकर बसावा म्हणून घेतलेला आधार आहे.

मग या चित्रांचें मोल कमी झालें काय? उलट कांहीं ठिकाणीं वाढलें. कांब्रेचें देवालय राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९६ मध्यें विकलें गेलें, दगडासाठीं मोडलें गेलें, आणि उरलेला मनोरा १८०९ मध्यें वादळांत कोसळला. व्होसेल येथील मठाचें देवालयही उरलें नाहीं. या दोहोंच्या गर्भागाराची रचना विलारच्या पानांवर आहे. साक्षीदार अडखळतो म्हणून त्यास बाहेर काढावयाचें नसतें; कोठें अडखळतो तें लिहून ठेवून त्याची जबानी घ्यावयाची असते.

एका पानावर एका गर्भागाराची रचना आहे, ती विलार व प्येर द कोर्बी या दोघांनीं परस्परांत वाद करून शोधिली अशी तेथें टीप आहे. टीप लॅटिनमध्यें व नंतरच्या हातची आहे. तथापि वाद करून रचना ठरवावी ही गोष्टच महत्त्वाची. तर्कशास्त्राचा जो शब्द पॅरिसच्या पाठशाळेंत चाले, तो दगडकामाच्या पानावर आलेला येथें दिसतो.

आतां विसाव्या पानाकडे येऊं, कारण गोंधळ सर्वांत अधिक येथें झाला आहे. या पानावर लहान लहान भूमितीच्या आकृति दाटीनें मांडल्या आहेत: दूरच्या मनोऱ्याची उंची मोजणें, न ओलांडतां नदीची रुंदी काढणें, कमानीचे दगड घडणें. पानावर पूर्वीं दुसरीं चित्रें होतीं. तीं खरवडून त्यांवर हा मजकूर लिहिला आहे, आणि अक्षर विलारचें नव्हे, त्याच्यामागून बाड ज्याच्या हातीं आलें त्याचें आहे. हान्लोसर यांनीं त्यास दुसरा आचार्य असें नांव दिलें. विलारचें भूमितीचें ज्ञान या पानावरून सिद्ध करणारे सर्व लेख त्यामुळें निराधार ठरतात. पण बाड एका पिढींतून दुसरींत गेलें, वापरलें गेलें, आणि वापरणाऱ्यास धन्याचीं चित्रें खरवडण्याइतकी त्या पानाची गरज भासली, हें मात्र त्यावरून सिद्ध होतें.

त्यांतील दोन आकृति संस्कृतज्ञ वाचकांस ओळखीच्या वाटतील. एक, दगडाचे दोन सारखे भाग असे करावे कीं प्रत्येक चौरस राहील. दुसरी, मठाच्या चौकांत मधलें अंगण व सभोंवारचा फिरण्याचा मार्ग यांचें क्षेत्र सारखें असावें. दोहोंचें मूळ एकच: चौरसाच्या चारही बाजूंचे मध्य जोडले तर आंतील चौरस बाहेरच्याच्या निम्मा होतो. बाहेरची बाजू दहा हात असेल तर आंतली सात हातांहून किंचित् अधिक. शुल्बसूत्रांत बौधायनानें हेंच उलट बाजूनें सांगितलें आहे; चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट क्षेत्र उत्पन्न करिते, तिला द्विकरणी हें नांव. जर्मनींत रेगेन्सबुर्ग येथें १४८६ मध्यें रोरित्सर या स्थपतीनें शिखरें कशीं काढावीं यावर छोटें पुस्तक छापलें, त्यांतही एकांत एक फिरविलेल्या चौरसांवरून सर्व मापें काढिलीं आहेत. यज्ञवेदीच्या विटा मांडणाऱ्याची व शिखर घडणाऱ्याची दोरी एकाच सत्याशीं आली. त्यासाठीं एकानें दुसऱ्याकडून घेतलें असें मानण्याचें कारण नाहीं.

उसनवारीचा प्रश्न खरोखर उपस्थित होतो तो दुसऱ्या एका पानावर. विलार लिहितो कीं, आपोआप फिरणारें चाक करावें म्हणून आचार्यांनीं पुष्कळ दिवस वाद घातला. तें विषम संख्येच्या हातोड्यांनीं किंवा पाऱ्यानें साधतें. चित्रांत चाकाच्या परिघावर सात हातोडे लोंबत आहेत, चार एका अंगास व तीन दुसऱ्यास. चाराच्या भारानें चाक फिरत राहील ही कल्पना. चाक अर्थातच फिरत राहत नाहीं. एका फेऱ्यांत जितकें वजन खालीं येतें तितकेंच वर चढवावें लागतें, व आंसाच्या घर्षणास देण्यास कांहीं उरत नाहीं. परंतु पारा हा शब्द वाचून आम्ही चमकलों. भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायांत, यंत्राध्यायामध्यें, स्वयंवह यंत्र सांगितलें आहे: हलक्या लांकडाचें सारखें चाक, पोकळ आरे, सर्व आरे एकाच बाजूस किंचित् वांकलेले, त्यांत अर्धा पारा भरून तोंडें बंद केलेलीं. तो ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इसवी ११५० चा. विलारच्या आधीं सुमारें ऐंशी वर्षें. स्वयंवह यंत्राची कल्पना त्याहून जुनी, ब्रह्मगुप्ताच्या इसवी ६२८ मधील ग्रंथांत आहे.

अमेरिकन पंडित लिन व्हाइट यांनीं १९६२ मध्यें असें मांडलें कीं, ही कल्पना भारतांतून अरबांकडे व तेथून युरोपांत गेली. त्यांनीं एका अरबी यंत्रग्रंथाचा आधार दिला आहे, त्याचा काळ ते इसवी १२०० च्या सुमाराचा धरतात; पाऱ्याचें चाक व हातोड्यांचें चाक दोन्ही त्यांत आहेत. हा दुवा बळकट आहे व आम्हांस तो ग्राह्य वाटतो. तरीही मर्यादा ध्यानीं धरावी. विलार पाऱ्याचें नुसतें नांव घेतो, चित्र काढीत नाहीं. आणि जें चित्र काढतो त्या हातोड्यांचा भास्कराचार्यांच्या ग्रंथांत पत्ता नाहीं. भास्कराचार्यांचें चाक विलारनें उचललें, असें जें कधीं कधीं अभिमानानें लिहिलें जातें, तें इतक्या पुराव्यावर लिहितां येत नाहीं. कल्पना पश्चिमेस गेली असावी. ग्रंथ गेला असें म्हणण्यास आधार नाहीं. चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला हें वाचकांस विदित आहे. त्या मठांत स्वयंवह यंत्राचे श्लोक पाठ होत असतां विलार आपल्या पानावर हातोडे काढीत असावा, हा केवळ काळाचा योग, पण मनांत भरणारा आहे.

बांधकामाचे मोठे नकाशे त्या काळीं होतेच नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. रीम्सलाच देवालयाच्या चिठ्ठ्यांत एक मृत्युनोंदींची वही आहे, ज्यांत दिवंगत धर्मगुरूंच्या श्राद्धतिथि लिहिल्या जात. तिचीं पानें तिरपीं धरलीं असतां अक्षरांखालीं पुसट रेषा दिसतात. तेराव्या शतकाच्या मध्यास कोणी स्थपतीनें देवालयांच्या दर्शनी भागाचे नकाशे मोठ्या चर्मपत्रांवर काढले. काम झाल्यावर ते खरवडले, कापले, घडी घातले, आणि नोंदवहीस लाविले. विलारचें बाड जपलें गेलें तें कोणास तरी त्याचा उपयोग होता म्हणून. हे नकाशे राहिले ते त्यांचा उपयोग कोणासच उरला नव्हता, पण चर्मपत्र महाग होतें म्हणून.